चाकांवरची टाकी आणि कायद्यातील पळवाट

जालन्याच्या पिटलाईनवर 2022 सालापासून भरपूर राजकारण झाले. पिटलाईन तेव्हाच्या औरंगाबादला हवी की जालन्याला, यावरून दोन शहरांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांवर तोंडसुख घेतले. तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री जालन्याचेच असल्यामुळे कुणाचे वजन किती याचीही चर्चा झाली. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. विकासाचे फ्लेक्स लागले. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र आमच्या तरी कानावर आला नाही. पिटलाईनवर उभ्या राहणाऱ्या डब्याखालची संडासाची टाकी साफ कोण करणार? आणि कोणत्या हातांनी?

ज्यांनी पिटलाईन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रुळांच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा लांबलचक सिमेंटचा खड्डा असतो. गाडी त्यावर येऊन थांबते, कामगार खाली उतरतो आणि डब्याचा तळ त्याच्या डोक्यावर येतो. ब्रेक, स्प्रिंगा, पाण्याचे पाईप तिथूनच तपासतात. तळाला लटकलेली पोलादी टाकीही तिथूनच हाताळावी लागते. प्रवाशाने वर फ्लश दाबला की मैला ज्या टाकीत पडतो, ती ही टाकी.

पूर्वी टाकी नव्हती. मैला सरळ रुळावर पडायचा, आणि जालना असो, मनमाड असो की नांदेड, गाडी गेल्यावर झाडू-बादली घेऊन रुळांत उतरणारा माणूस कोणत्या समाजाचा असायचा हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. रेल्वे आणि संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ यांनी मिळून जैव-शौचालय तयार केले. जानेवारी 2011 मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेस ही अशी शौचालये असलेली पहिली गाडी धावली. 2019 पर्यंत सुमारे 68,800 डब्यांत 2 लाख 45 हजारांवर जैव-शौचालये बसवून काम पूर्ण झाल्याचे सरकारने जाहीर केले. फलाटालगतचे रूळ पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले, झाडू घेऊन रुळांत उतरणे खूपच कमी झाले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. जे चांगले झाले त्याला चांगले म्हटले पाहिजे.

पण मैला नाहीसा झाला का? तो रुळावरून टाकीत गेला. टाकीत आडव्या भिंतींचे कप्पे असतात. त्यात हवेशिवाय जगणारे जिवाणू सोडलेले असतात. ते मैला खातात, त्याचे पाणी आणि मिथेन, कार्बन डायऑक्साईडसारखे वायू करतात, आणि ते पाणी क्लोरिनच्या गोळ्यांवरून जाऊन रुळावर सांडते. कागदावर हे सुंदर आहे. अडचण अशी की जिवाणूंना गुटख्याची पुडी पचत नाही. पाण्याची बाटली, डायपर, सॅनिटरी पॅड, कापडाचा बोळा, बिअरचा डबा, यातले काहीच पचत नाही. शिवाय वरून कुणी अॅसिड किंवा फिनेल ओतले की खालचे जिवाणूच मरतात. मग टाकी ही फक्त मैल्याने भरलेली पेटी उरते. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, 2017 च्या अहवालात 2016-17 या एका वर्षाचा हिशेब दिला आहे. तपासलेल्या 25 हजारांवर जैव-शौचालयांमध्ये जवळजवळ दोन लाख तक्रारी निघाल्या, आणि त्यांतल्या एक लाखाहून अधिक तक्रारी संडास तुंबल्याच्या होत्या. म्हणजे एकेक संडास वर्षातून सरासरी चार वेळा तुंबला. त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या अभ्यासकांनी या टाक्यांतून बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा ते कच्च्या सांडपाण्याहून फारसे वेगळे नसल्याचे समोर आले. त्यानंतर सुधारणा झाल्या, वंदे भारतमध्ये हवेच्या दाबाने ओढणारे व्हॅक्यूम शौचालय आले. तरी व्हॅक्यूमचाही शेवट टाकीतच होतो. आणि तुंबलेली टाकी प्रार्थनेने मोकळी होत नाही.

ती मोकळी करायला सक्शन मशीन लागते, कोपरापर्यंतचे हातमोजे, तोंडावर पारदर्शक ढाल, अंगभर एप्रन आणि बूट लागतात. काम झाल्यावर साबण आणि गरम पाणी लागते. डोक्यावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय पडू शकते याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. गटारात किंवा जमिनीतल्या टाकीत माणूस गुदमरून मरतो, तसा इथे मरत नाही. आमच्या खेड्यापाड्यांत सेप्टिक टँकला लोक 'सेफ्टी टँक' म्हणतात, आणि या 'सेफ्टी'ने देशात किती जीव घेतले! डब्याखालच्या टाकीतून मृत्यू येत नाही, कावीळ येते, जुलाब येतात, त्वचेचे रोग येतात. ते पंचनाम्यात येत नाहीत.

आता कायद्याकडे वळू. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी अंमलात आला. तारीख पाहा. चैत्यभूमीवर लाखोंचा सागर लोटतो त्याच दिवशी हा कायदा जन्माला आला, आणि आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला? त्या कायद्यात 'हाताने मैला साफ करणारा' कोण याची व्याख्या आहे. तीत रेल्वे रुळाचे नाव स्पष्ट घेतले आहे. कायम कामगार असो वा कंत्राटी, दोघेही तीत येतात. इथपर्यंत ठीक. पण 'अस्वच्छ शौचालय' या व्याख्येला एक परंतुक जोडले आहे: रेल्वेच्या प्रवासी डब्यातले पाण्याचे शौचालय कर्मचाऱ्याने केंद्राने अधिसूचित केलेल्या साधनांनी आणि संरक्षक पोशाख घालून साफ केले, तर ते अस्वच्छ शौचालय समजायचे नाही. सगळ्या देशाला एक नियम आणि रेल्वेला मागचे दार! रेल्वेच्या बाजूने कुणी वकील उभा राहिला तर तो याच दारातून बाहेर पडेल.

मात्र हे दार अटीचे आहे. साधने आणि पोशाख प्रत्यक्षात दिले असतील तरच ते उघडते. कंत्राटदाराच्या बिलावर हातमोजे आहेत आणि कामगाराच्या हातात नाहीत, असे असेल तर परंतुक गळून पडते.

दुसरा मुद्दा माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याकडे वकिलांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. याच कायद्यात 'सेप्टिक टँक'ची व्याख्या आहे. मैला साठवणारी, जिवाणूंच्या क्रियेने तो कुजू देणारी, पाणी न झिरपणारी टाकी, जी सर्वसाधारणपणे जमिनीखाली असते, असा तिचा आशय आहे. डब्याखालची जैव-टाकी याहून वेगळे काय करते? मैला साठवते, जिवाणूंकडून कुजवते, पाणी झिरपू देत नाही. ती जमिनीखाली नाही एवढेच. पण कायदा 'सर्वसाधारणपणे' म्हणतो, 'नेहमीच' म्हणत नाही. विधिमंडळ एखादा शब्द उगाच घालत नाही, हे अर्थ लावण्याचे पहिले सूत्र आहे. तेव्हा पिटलाईनवरची टाकी ही कायद्याच्या भाषेत चाकांवरची सेप्टिक टँक आहे, आणि संरक्षक साधनांवाचून तिची सफाई करून घेणे ही कलम 7 ने मनाई केलेली 'धोकादायक सफाई' आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि केला पाहिजे. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मात्र घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार व्हावी लागते, आणि गरीब कामगाराचे तीन महिने पगार मिळण्याची वाट पाहण्यातच जातात. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला हाताने मैला साफ करायला लावणे हा स्वतंत्र गुन्हा केला आहे. त्याला ही तीन महिन्यांची अट नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या सफाई कर्मचारी आंदोलन निकालात रेल्वेला रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी कालबद्ध धोरण आखायला सांगितले होते. 20 ऑक्टोबर 2023 च्या बलराम सिंग निकालाने गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख केली. मृत्यूची किंमत वाढली, जिवंतपणी हातमोज्यांची व्यवस्था करायला मात्र निविदेतली एक ओळ पुरते.

चाकांवरच्या टाकीचा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत, युरोपात कुटुंबेच्या कुटुंबे घरासारखी गाडी घेऊन महिनाभर फिरतात. तिलाही संडास असतो, खाली टाकी असते. ती भरत आली की गाडीचा मालक ठरलेल्या ठिकाणी गाडी नेतो, हातमोजे घालतो, जाड नळी लावतो, आधी मैल्याची टाकी सोडतो आणि मग आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुऊन निघते. हे काम डॉक्टर करतो, निवृत्त प्राध्यापक करतो, आणि संध्याकाळी त्याच्या पंगतीला बसायला कुणी नकार देत नाही. महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडच्या कॅरॅव्हॅनची टाकी तिचा प्रवासी स्वतः सोडेल, असे कुणाला वाटते का? तंत्र तेच, टाकी तीच. तिथे ती साफ करणारी जात नाही, इथे आहे.

बाबासाहेबांनी हे रेल्वेच्याच संदर्भात सांगितले होते, आणि आपल्या याच मार्गाच्या टोकाला. 12 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे विधान सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले होते की अस्पृश्याला रेल्वेत गँगमनच्या वर चढता येत नाही, साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ होतो. विटाळाने माणसाची जागा ठरत होती. आज ती निविदेने ठरते. कंत्राटदार जात विचारत नाही. त्याला विचारावीच लागत नाही.

इथे आपल्या समाजालाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. '56 साली आम्ही ही कामे सोडली, आता तो मेहतर-वाल्मिकींचा प्रश्न,' असे बोलणारे शिकलेले लोक मला भेटतात. मंठा, परतूर, घनसावंगीकडे पावसाने दगा दिला की ऊसतोडीला न जाणारा पोरगा शहरात मिळेल ते कंत्राटी काम धरतो. तो बौद्ध असतो, मातंग असतो, कधी भटक्या जमातीचा असतो. बाप पदवीधर असून पोरगा 'हाऊसकीपिंग'मध्ये, हेही आता नवल राहिले नाही. हाऊसकीपिंग हा शब्द फसवा आहे. त्यात टेबल पुसणेही येते आणि टाकी मोकळी करणेही. आपल्याच 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर फिरती शौचालये लागतात. त्यांच्या टाक्या कोण रिकाम्या करतो, हे आपण तरी कधी विचारले?

करण्यासारखी गोष्ट हाताशी आहे. कलम 24 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असायलाच हवी आणि तिची तीन महिन्यांतून एकदा बैठक व्हायलाच हवी. पोलीस अधीक्षक तिचे सदस्य असतात, जिल्ह्यातून निवडून आलेले अनुसूचित जातीचे आमदार असतात, म्हणजे राखीव असलेल्या बदनापूरचे आमदार आलेच. या कामातले जास्तीत जास्त चार सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत दोन महिला हव्यात. आणि कायदा सांगतो की जिल्ह्यातील रेल्वे प्राधिकरणाचा एक प्रतिनिधीही या समितीवर असला पाहिजे. जालन्याच्या समितीवर रेल्वेचा प्रतिनिधी कोण, मागची बैठक कधी झाली, तिचे इतिवृत्त कुठे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. दुसरा अर्ज दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाला: डब्यांच्या सफाईच्या कंत्राटाची प्रत, सक्शन मशीनची संख्या, गेल्या वर्षात वाटलेल्या हातमोज्यांच्या आणि पोशाखांच्या पोचपावत्या कामगारांच्या सहीसह, आणि कावीळप्रतिबंधक लसीची नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कामगारांनी सह्या केल्या असतील तर त्या दिसतील, केल्या नसतील तर तेही दिसेल.