चोराची आवड, आपली सवड

'माझे हे जुने खटारे कोण नेणार?' असे म्हणत बाजाराच्या तोंडाशी दुचाकी उभी करून, किल्ली तशीच तिच्या कुलपात ठेवून भाजी घ्यायला जाणारा गृहस्थ गोव्यातील कोणत्याही शहरात दिसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो दिसतो, मडगावात दिसतो, फोंड्याच्या बसस्थानकाबाहेरही दिसतो. चोराविषयी त्याच्या मनात एक ठाम समजूत घर करून बसलेली आहे. चोर हा श्रीमंतीचा भोक्ता. नेलीच तर तो लाखो रुपयांची चकचकीत परदेशी मोटार नेईल, आपल्या झिजलेल्या स्कूटरकडे ढुंकूनही पाहणार नाही, असे त्याला वाटते. ही समजूत मुळातच खोटी आहे. वाहनचोरीचा धंदा करणाऱ्यांचा हिशेब नेमका ह्याच्या उलट चालतो.

कोणती वाहने अधिक चोरीला जातात ह्याचे उत्तर विमा कंपन्यांकडे येणाऱ्या दाव्यांवरून मिळू शकते. २०२४ साली अशा एका कंपनीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोटारींमध्ये मारुतीच्या वॅगनआर आणि स्विफ्ट ह्या गाड्या आघाडीवर होत्या. त्यांच्या मागोमाग ह्युंदाईच्या क्रेटा व ग्रँड आय-टेन होत्या. दुचाकींमध्ये हीरोची स्प्लेंडर आणि होंडाची ॲक्टिव्हा. ही यादी वाचताना आपण चोरांची आवडनिवड वाचत नसून आपल्याच वाड्यावरील घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांची मोजदाद करीत आहोत, असे वाटू लागते. मारुती ८०० ही मोटार रस्त्यांवर सर्वत्र दिसे त्या काळी चोरांचीही ती लाडकी होती. लोकांची पसंती बदलली, तशी चोरांचीही बदलली. ह्या बाबतीत देशात सर्वाधिक कुप्रसिद्ध असलेल्या दिल्ली शहरात २०२१ ते २०२३ ह्या तीन वर्षांत दरवर्षी ३५ हजारांहून अधिक वाहने चोरीस गेली, आणि त्यांत महागड्या मोटारींपेक्षा मध्यमवर्गीयांच्या दुचाक्यांचीच संख्या कितीतरी मोठी होती.

असे का व्हावे? चोरलेली अख्खी गाडी विकणे कठीण असते. तिला क्रमांक असतो, कागदपत्रे असतात, तिचा मालक तिला ओळखतो. परंतु तिचा दरवाजा, तिचा आरसा, तिचे चाक, तिचा कार्ब्युरेटर ओळखणारा कोण आहे? जी गाडी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर धावते तिच्या सुट्या भागांना गावोगावी गिऱ्हाईक असते. परदेशी मोटारीचा दिवा चोरून आणला तर तो घेणारा शोधत हिंडावे लागते. अलीकडच्या वर्षांत ईको ह्या साध्या व्हॅनचे केवळ सायलेन्सर कापून नेण्याचे प्रकार गुजरात आणि महाराष्ट्रात वारंवार घडले. धूर शुद्ध करण्यासाठी त्यात बसविलेल्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, ही माहिती मालकाच्या आधी चोराला झालेली होती!

उत्तर प्रदेशातील मेरठ शहरात सोतीगंज नावाची पेठ आहे. जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकण्याबद्दल तिचा लौकिक होता. दिल्लीतून नाहीशी झालेली मोटार तेथे थोड्याच वेळात सुटी होऊन फळ्यांवर मांडली जाते, हे उघड गुपित होते. पुढे पोलिसांनी कारवाई करून २०२१ च्या डिसेंबरात तो बाजार बंद पाडला, आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी शहाजहानपूरच्या जाहीर सभेत त्या पेठेचा नावानिशी उल्लेख केला. भंगाराच्या पेठेचे नाव देशाच्या पंतप्रधानांच्या भाषणात यावे, एवढा तो व्यापार वाढला होता. तो कोणाच्या पैशावर वाढला, हा प्रश्न मात्र त्या सभेत निघाला नाही. तो आम्ही येथे पुढे काढणार आहोत.

दुसरी रीत अधिक चलाखीची. अपघातात पूर्णपणे चुराडा झालेली गाडी विमा कंपनी भरपाई देऊन ताब्यात घेते आणि लिलावात विकते. ती घेणाऱ्यांपैकी काहींना लोखंड नको असते, तिची कागदपत्रे हवी असतात. मग त्याच बनावटीची, त्याच रंगाची, त्याच सालातील दुसरी गाडी चोरायची, तिच्या सांगाड्यावरील क्रमांक घासून काढायचा आणि मेलेल्या गाडीचा क्रमांक तिच्यावर ठोकायचा. मेलेल्या गाडीची कुंडली जिवंत गाडीच्या गळ्यात बांधली की ती उजळ माथ्याने रस्त्यावर फिरू लागते. ह्यासाठीही सर्वसामान्य गाडीच सोयीची. जुळी भावंडे तिलाच मिळतात. पुसलेला क्रमांक प्रयोगशाळेत आम्लाच्या साहाय्याने पुन्हा वाचता येतो, पण तशी शंका आधी कोणाला तरी यावी लागते.

चोराच्या पसंतीला आणखी एक कारण असते, ते कुलपाचे. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर हे उपकरण सक्तीचे झाले. योग्य किल्लीतील खुणेची चकती ओळखल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये, अशी ती योजना. त्यानंतरच्या वर्षांत ब्रिटनमधील मोटारचोऱ्या झपाट्याने घटल्या. अमेरिकेत असा नियम नसल्याने ह्युंदाई आणि किया ह्या कंपन्यांनी तेथे विकलेल्या लाखो स्वस्त मोटारींत २०२१ पर्यंत हे उपकरण बसविले नव्हते. ती उणीव पोरांच्या लक्षात आली, तिची चित्रफीत हातोहात पसरली, आणि २०२३ साली त्या देशात १० लाखांहून अधिक वाहने चोरीला गेली. यादीत अग्रस्थानी ह्युंदाईची इलांट्रा होती. कंपन्यांनी दुरुस्ती हाती घेतली, आणि पुढच्याच वर्षी एकूण आकडा सुमारे साडेआठ लाखांवर आला.

आपल्याकडील दुचाकीचे कुलूप म्हणजे तर केवळ एक औपचारिकता. हँडलचे कुलूप एका जोरदार हिसक्याने तुटते. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या राज्याच्या लोकसंख्येच्या जवळ जाऊन पोहोचली आहे आणि त्यांत दुचाक्यांचाच भरणा मोठा आहे. त्यातून आपला प्रदेश लहान. म्हापशाहून निघालेला चोर तासाभराच्या आत पत्रादेवीचा नाका ओलांडू शकतो. काणकोणातून पोळेमार्गे कारवार तर त्याहूनही जवळ. थिवी किंवा करमळीच्या स्थानकाबाहेर स्कूटर उभी करून मुंबईला गेलेला माणूस चार दिवसांनी परततो तेव्हा त्याची स्कूटर कोणत्या दिवशी गेली हेदेखील त्याला सांगता येत नाही. जत्रेच्या रात्री मोकळ्या शेतात लावलेल्या शेकडो दुचाक्यांची तीच गत. सर्वच चोरलेल्या दुचाक्या भंगारात जातात असेही नाही. काही एकदोन दिवस वापरून टाकून दिल्या जातात, आणि ते एकदोन दिवसच अधिक धोक्याचे असतात. पहाटे देवळाच्या वाटेवर बायाबापड्यांच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावून पळणारे हात बहुधा स्वतःच्या नावावरील वाहनावर बसत नाहीत. तक्रार नोंदविण्यास आळस केलेल्या मालकाच्या दारी मग पोलीस येतात ते त्याची स्कूटर सापडली म्हणून नव्हे, तर ती कोठे होती हे विचारायला.

चोरीचा खरा घाव कोणावर बसतो हे पाहिले म्हणजे ह्या विषयाचे गांभीर्य कळते. मोटारमालकाची गैरसोय होते. पण स्कूटर हेच ज्याचे पोट आहे, त्या पाववाल्याचे, मासळी विकणाऱ्या बाईचे, मोटारसायकल पायलटाचे काय? ह्यांतील कितीतरी जणांचा असा समज असतो की आपल्या गाडीला पाच वर्षांचा विमा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा विमा विकत घेतानाच उतरवावा लागतो, हे खरे. परंतु तो विमा 'थर्ड पार्टी'चा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा. आपलीच गाडी चोरीला गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. चोरीची भरपाई देणारा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष सरले की तो संपतो, आणि हातातील कागदावर पाच वर्षांपुढची तारीख पाहून मालक निर्धास्त राहतो. विक्री करणाऱ्या दुकानदाराने दोन मिनिटे खर्चून ही गोष्ट मराठीत अथवा कोकणीत समजावून सांगितली तर त्याचे काय बिघडेल? कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे हप्ते तर गाडी गेल्यावरही चालूच राहतात.

ज्यांनी पूर्ण विमा चालू ठेवला आहे त्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भरपाई मिळते ती खरेदीच्या किमतीची नव्हे. ठरलेल्या कोष्टकानुसार चौथ्या वर्षात गाडीची किंमत ४० टक्क्यांनी उतरलेली धरतात. म्हणजे समजा ९० हजारांच्या स्कूटरचे ५४ हजार हाती येणार. आणि दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली कुलपातच राहिली होती असे निघाले की निष्काळजीपणाचा ठपका ठेवायला कारण मिळते. प्रथम माहिती अहवाल मात्र तात्काळ नोंदविलाच पाहिजे. तो वेळेवर नोंदविला असेल तर विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला एवढ्याच सबबीवर खरा दावा फेटाळता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग ह्यांच्या प्रकरणात दिलेला आहे. खासगी क्रमांकाची स्कूटर चोरून भाड्याने देणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरील बंधूंना तर एवढेच सांगावयाचे की, गिऱ्हाईक ती घेऊन पसार झाले तर कंपनी त्यांना दारात उभेही करणार नाही. त्याची हळहळ आम्हांला फारशी वाटत नाही.

आता सोतीगंजपाशी सोडलेला प्रश्न. चोराला पोसतो कोण? चाळीस रुपयांचा आरसा वीस रुपयांत मिळतो म्हणून पावती न मागता घेणारा, निम्म्या किमतीत येणारी गाडी 'कागद मागाहून येतील' ह्या शब्दावर दारात आणून लावणारा, हा कोणी गुन्हेगार नसतो. तो तुमच्याआमच्यातलाच, सणावाराला देवदर्शन करणारा, मुलांना सचोटीचे धडे देणारा गृहस्थ असतो. कायदा मात्र त्याला निरागस मानत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि त्याचा नित्य व्यापार करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. टोळी करून होणाऱ्या वाहनचोरीचा समावेश ह्या संहितेने संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत नाव घेऊन केला आहे. कलमे कडक आहेत, परंतु भंगार अड्ड्यांच्या वह्या तपासण्यास कोणी जातच नसेल तर ती पुस्तकातच राहणार. गाडी मोडण्यासाठी आणणाऱ्याचे नाव, नोंदणीपुस्तक आणि सांगाड्याचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, एवढा दंडक आपल्या बारा तालुक्यांत पाळला गेला तरी पुष्कळ काम होईल.

गाडी विकणाऱ्यांच्या सवडीविषयीही लिहावयास हवे. कोऱ्या अर्जांवर सह्या करून किल्ली हवाली करायची आणि नावबदल खरेदीदारावर सोपवायचा, ही आपली जुनी खोड. विक्रेत्याने राज्यातील व्यवहार १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत वाहतूक खात्याला कळवावा असे मोटार वाहन कायदा सांगतो. तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात नोंदीतील मालकालाच भरपाईस जबाबदार धरले. अशा हातोहात फिरणाऱ्या, कोणाच्याच नावावर नसलेल्या गाड्यांच्या गर्दीत चोरीची गाडी अलगद मिसळून जाते.

शेवटी, सापडलेल्या गाड्यांची कथा. पोलीस ठाण्यांच्या आवारांत, झाडाझुडपांत, टायर मातीत रुतलेल्या दुचाक्यांचे ढीग आमच्या वाचकांनी पाहिलेले आहेत. आपल्या पावसाचे चार महिने त्यांच्यावरून गेले की दुसऱ्या वर्षी वेल चढतात आणि तिसऱ्या वर्षी फक्त गंज उरतो. त्यांत कोणाची तरी हरवलेली स्कूटर असते, आणि तिचा मालक कदाचित शेजारच्या तालुक्यात पायी चालत असतो. अशी वाहने ठाण्यांत कुजवू नयेत, छायाचित्रे घेऊन व हमीपत्र लिहून घेऊन ती लवकर मालकाला परत करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच बजावले होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतीच घातल्या आहेत. न्यायालयासमोर आलेल्या मालाची यादी १४ दिवसांत करावयाची, आणि ती यादी व छायाचित्रे तयार झाल्यापासून ३० दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यावयाचा.

तेव्हा आमची मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या आवारातील बेवारशी वाहनांचे इंजिन व सांगाड्याचे क्रमांक लिहून काढावेत, वाहतूक खात्याच्या नोंदींशी ते ताडून पाहावेत आणि यादी दर महिन्याला ठाण्याच्या फलकावर लावावी. फलक वाचायला ठाण्याची पायरी चढण्याचा धीर सर्वांनाच होत नाही. म्हणून ती यादी आमच्याकडे पाठविल्यास तिच्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आमचे दोन रकाने विनामूल्य राखून ठेवू.