त्याची तपासणी राहून गेली



1986 च्या सुरुवातीला मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांनी रिमांड होममधल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. मद्रासमध्ये एचआयव्हीच्या तपासणीची सोय नव्हती. म्हणून नमुने घरच्या फ्रिजमध्ये जपले आणि मग रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चाचणी झाली तेव्हा सहा नमुने पिवळे पडले. एचआयव्ही भारतात पोहोचल्याचा तो पहिला पुरावा. निर्मला यांना हा विषय सुचवणाऱ्या प्राध्यापिका होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरात त्या वाढल्या.

चेन्नईच्या मराठी माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण ती सांगताना एक प्रश्न आपण नेहमी सोडून देतो. त्या स्त्रियांना विषाणू दिला कोणी? स्त्रिया कोठडीत होत्या, म्हणून त्यांचं रक्त मिळालं. गिऱ्हाइकं आपापल्या घरी निघून गेली होती. त्यांची ना नोंद झाली, ना तपासणी. पुढची कितीतरी वर्षं सरकारी भाषणांत आणि घराघरांत या आजाराला बाईचाच चेहरा राहिला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

डॉ. सॉलोमन यांनी 1993 मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं. तिथे दाखवायला आलेल्या 134 एचआयव्हीबाधित स्त्रियांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय 29. त्यांतल्या 81 टक्के गृहिणी होत्या, आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आल्याचं 88 टक्के जणींनी सांगितलं. त्याआधी 1997 मध्ये पुण्याहून असंच चित्र पुढे आलं होतं. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रयाशी काहीही संबंध नसलेल्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के बाधित निघाल्या. तो अभ्यास मांडणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकरांचं. करोनाच्या दिवसांत रोज दूरदर्शनवर दिसणारे तेच गंगाखेडकर. यांतल्या बहुतेक बायकांनी ना उंबरठा ओलांडला होता, ना कुणाशी प्रतारणा केली होती. त्यांचा धोका एवढाच, की त्यांचं लग्न झालेलं होतं.

मी अण्णा नगरात राहतो. आमच्या पश्चिमेला लागूनच कोयंबेडूचा घाऊक बाजार आहे. पहाटे तिथे गेलात तर नाशिक-नगरकडचा कांदा घेऊन आलेले एमएच पाटीचे ट्रक रांगेत उभे दिसतात. ड्रायव्हर कॅबिनमध्ये पाय दुमडून झोपलेला, क्लीनर चाकाशी बसून चहा पितोय. किती दिवसांनी घरी जाणार, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. ड्रायव्हर म्हणजे रोगाचा वाहक, असं म्हणणं अन्यायाचं आहे आणि ते मी म्हणणार नाही. एसी डब्यातून कंपनीच्या कामाला जाणारा, महिनाभर हॉटेलात राहणारा आपला सुशिक्षित माणूसही घरापासून तितकाच लांब असतो. फरक इतकाच, की ट्रकवाल्यांपर्यंत कंडोमची पाकिटं घेऊन कार्यकर्ते गेले आणि आपल्यापर्यंत कुणीच आलं नाही. अण्णा नगर पश्चिममध्येच कार्यालय असलेली इंडियन कम्युनिटी वेल्फेअर ऑर्गनायझेशन ही संस्था 1994 पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करते आहे. त्या स्त्रिया कंडोमचा आग्रह धरायला शिकल्या, ही या राज्याची मोठी कमाई आहे. पण आग्रह बाईने धरायचा आणि ऐकायचं की नाही ते पुरुषाने ठरवायचं, ही वाटणी मला मान्य नाही.

2003 च्या सुमारास चेन्नईच्या रस्त्यांवर पुल्लीराजा नावाच्या एका काल्पनिक पुरुषाचे फलक लागले होते. या पुल्लीराजाला एड्स होईल का, असा प्रश्न त्यांवर विचारलेला होता. लोक बिचकले, चिडले, टीकाही बरीच झाली. मला ती मोहीम आवडली होती. वर्षानुवर्षं बाईकडे रोखलेलं बोट तिने एकदाचं पुरुषाकडे वळवलं.

आजही अनेक घरांत पहिली तपासणी होते ती गरोदर सुनेची, कारण दवाखान्यात ती ठरलेलीच असते. अहवाल तिचा आधी येतो, म्हणून घरच्यांच्या लेखी आजार तिनेच आणला. नवऱ्याची तपासणी मागाहून, तीही तो तयार झाला तर. तो आजारी पडून गेला की पांढऱ्या पायाची म्हणून तिची रवानगी माहेरी. दागिने, जमिनीतला वाटा सगळं मागेच राहतं. ज्या पुरुषांचे संबंध पुरुषांशी आहेत आणि घरच्यांच्या दडपणाखाली ज्यांची लग्नं लावली गेली, त्यांच्या बायकांचं तर नावही कुणी घेत नाही. त्या पुरुषांना निर्भयपणे बोलता येईल असं घर आपण दिलं असतं, तर त्या बायकाही वाचल्या असत्या.

मराठी नियतकालिकाने या विषयावर लिहावं का, असं कुणी विचारील. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै 1927 पासून 1953 मध्ये डोळे मिटेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. खटले सोसले, दंड भरले. आणि आज? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के, पुरुष-नसबंदीचं 0.3 टक्के आणि कंडोम वापरणारी विवाहित जोडपी 9.5 टक्के. एचआयव्हीबद्दल सर्वांगीण माहिती असलेले पुरुष जेमतेम 31 टक्के. मुलं होऊ न देण्याची जबाबदारीही बाईच्याच पोटावर टाकणारा पुरुष रोग टाळण्यासाठी आपणहून पुढे येईल, ही आशा या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याला सांगावं लागेल, आणि सांगायला पुरुषच हवेत. वडिलांनी, मामांनी, थोरल्या भावाने, कट्ट्यावरच्या मित्राने.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं दिलासा देणारं आहे. ज्या जोडप्यांत एकजणच बाधित आहे अशा 1763 जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठी चाचणी झाली. चेन्नई आणि पुणे ही तिच्यातली दोन ठिकाणं. बाधित जोडीदाराचे उपचार लवकर सुरू केले तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका 96 टक्क्यांनी घटतो, हे तिने 2011 मध्ये दाखवलं. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, हे आता पक्कं झालं आहे. एचआयव्हीवरची ही औषधं (एआरटी) सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत मिळतात. 2018 मध्ये लागू झालेल्या कायद्याने अहवाल गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आणि नोकरीवरून काढणं बेकायदा ठरवलं. डॉ. सॉलोमन तर आपल्या बाधित रुग्णांची लग्नं जुळवून देत. आधी दोघांची प्रकृती बघायची, मग आवडीनिवडी. 2015 मध्ये त्या गेल्या. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

देशात आज सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वात मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त काढायला सुरुवात होते. मुलाकडच्यांना माझी विनंती आहे. पत्रिका देता, पगार सांगता, तसा मुलाच्या रक्ततपासणीचा विषय तुम्हीच आधी काढा. मुलीच्या वडिलांना तो काढायला लावू नका. ज्यांची लग्नं कधीच होऊन गेली आहेत आणि ज्यांच्या मनात एखादी जुनी रात्र सलते आहे, त्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात (आयसीटीसी) जावं. तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो, आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. जायचा धीर होत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. अहवाल कसाही येवो, तो बायकोला स्वतः सांगा.

— संपादक
अण्णा नगर, चेन्नई