न्हाणीघरातला गॅसचा बंब



शेतीखात्याच्या माणसाने आंघोळीच्या पाण्याविषयी लिहावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटले असते. पण गेल्या थंडीत हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. बांधावर पोचण्याआधीच घरात बोलावणे आले. आदल्या दिवशी सकाळी त्या घरची थोरली सून न्हाणीघरात बेशुद्ध पडली होती. बादली भरून वाहते आहे आणि हाकेला ओ येत नाही, हे सासूबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी आरडाओरडा केला, थोरल्या मुलाने लाथेने कडी तोडली, म्हणून ती माउली वाचली. मी गेलो तेव्हा ती ओसरीवर डोके धरून बसली होती आणि आत कोणीतरी लिंबू उतरून टाकण्याची गोष्ट काढत होते.

मी म्हटले, आधी न्हाणीघर दाखवा.

पाच फूट बाय चार फूट, उंची आठ फूट. भिंतीवर गॅसचा गिझर, दाराआड सिलिंडर. खिडकी होती, पण तिच्यात पोत्याचा बोळा कोंबलेला. विचारले तर घरधनी म्हणाले, "साहेब, वारं आत आलं की पाणी निवतं, गॅस जास्त जळतो. म्हणून बुजवली." आणि लगेच पुढे म्हणाले, "गॅस गळाला असता तर वास आला असता. वासाचं नावही नव्हतं."

त्यांचे म्हणणे खरे होते. घोटाळा तिथेच आहे. आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. त्याला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य घालतात. पण गॅस जळताना हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा दुसराच वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आग नाही. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटके पडतात. कडी काढायचे भान येईपर्यंत हात उचलत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. थंडीत टाकीचे पाणी पहाटे १६ अंशांवर असते, आंघोळीला ४१ अंश पुरते. म्हणजे २० लिटरच्या बादलीला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. किलोभर गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले, तरी एका बादलीला साधारण ५७ ग्रॅम गॅस जळतो. एवढ्या गॅसला त्या न्हाणीघरातली सातवा हिस्सा हवा लागते. घरात माणसे सहा. एकामागून एक सहा बादल्या काढल्या, तर जवळजवळ खोलीभर हवा ज्योतीनेच खाल्ली. सून शेवटी आंघोळीला जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मंडळी, ती खिडकी काटकसरीसाठी बुजवली होती. त्या काटकसरीने चिमूटभरही गॅस वाचत नव्हता. गॅस वाचतो तो दुसरीकडे.

तुमच्यातल्या प्रत्येकाने थंडीच्या पहाटे मोटार चालू केली आहे. पाण्यातून वाफा निघतात ना? जमिनीखालचे पाणी बारा महिने जवळपास एकाच उबेचे राहते, आपल्या भागात साधारण २५ अंशांच्या आसपास. तेच पाणी संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीत चढवले की रात्रभर थंडी खाऊन ते १६ अंशांवर येते. मग आपण पैसे मोजून ते पुन्हा तापवतो. २५ अंशांचे पाणी ४१ वर न्यायला बादलीमागे सुमारे ३६ ग्रॅम गॅस पुरतो. सहा माणसांचा हिशेब मांडा. टाकीच्या गार पाण्याने १४.२ किलोचे सिलिंडर बेचाळीस दिवस जाईल, बोअरच्या ताज्या पाण्याने पासष्ट दिवस. ज्यांना पहाटे वीज मिळते त्यांनी रात्री टाकी जवळजवळ रिकामी ठेवावी आणि सकाळी लागेल तेवढेच पाणी चढवावे. विजेची पाळी रात्रीची असेल तर हे जमणार नाही, कबूल आहे. मग म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी दुपारी चारला आंघोळ करावी. काळ्या टाकीतले पाणी तोवर उन्हाने कोमट झालेले असते, गिझरचे काम निम्म्यावर येते. आमच्या मातोश्री आयुष्यभर हेच करत आल्या, अंगणात तांब्याचे घंगाळ ठेवून.

दुसरी गोष्ट नळाची. पुष्कळ घरी गॅसचे बटण मोठे आणि पाण्याचे लहान ठेवतात. कढत पाणी येते, मग त्यात गार मिसळत बसतात. बटणे उलटी फिरवा. गॅस कमी, पाण्याची धार मोठी, आणि अंगाला सोसेल तेवढेच ऊन पाणी थेट बादलीत. पाणी पाच अंश कमी तापवले तर पाचवा हिस्सा गॅस वाचतो. शिवाय पाणी फार कढत झाले की क्षार लवकर धरतात. चुनखडीच्या रानातले बोअर असेल तर गिझरच्या तांब्याच्या नळीत पांढरा थर बसतो. मग उष्णता पाण्यात न जाता वर उडून जाते. धार बारीक झाली किंवा आतून खडखड येऊ लागली, तर कारागिराकडून नळी साफ करून घ्यावी. स्वतः पाना लावू नये.

गिझर पेटत नाही म्हणून तालुक्याला नेण्याआधी खालच्या डबीतले दोन सेल बदलून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टाकी फार ठेंगणी असेल तरीही तो पेटत नाही, कारण पाण्याच्या दाबानेच त्याचा गॅस उघडतो. आणि निफाडसारख्या गारठ्यात सिलिंडर संपत आले की ज्योत मंदावते. तेव्हा सिलिंडर आडवे करणे किंवा त्याखाली निखारे ठेवणे हा खेळ कोणीही करू नये.

आता जागा. गिझर न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला लावावा, पडवीत, छपराखाली, जिथे मोकळी हवा आहे पण वाऱ्याचा झोत थेट लागत नाही. भिंतीला भोक पाडून पाण्याची नळी आत घ्यावी. चार-पाच फुटांची नळी आणि गवंड्याचा अर्धा दिवस, एवढाच खर्च. नळी लांबवू नये, तिच्यातले गार पाणी दर वेळी मोरीत जाते. सिलिंडरही बाहेर, उभे आणि सपाट जागेवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात नि मोरीत साचतो. रबरी नळीवरची तारीख पाहा, पाच वर्षांनी ती बदलायची असते. गळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक लावा.

ज्यांचा गिझर आजही आत आहे, त्यांनी तो बाहेर काढेपर्यंत एवढे पाळावे: दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, थोडा वारा खेळू द्यावा, मग कडी लावावी. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरू लागली, तर त्या दिवशी चुलीवर पाणी तापवा. कोणी पडलेच तर आधी उघड्यावर आणा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. दवाखान्यात नेल्यावर पहिले वाक्य हे सांगा की गॅसचा गिझर चालू होता. त्या सुनेला नेले तेव्हा हे कोणी बोललेच नाही. चक्कर आली एवढेच सांगितले, मग डॉक्टरांना तरी कसे कळावे? प्राणवायू लावायचा तर तो लवकर लावावा लागतो.

पंधरा दिवसांनी घाटेअळीच्या निमित्ताने पुन्हा त्या वस्तीवर गेलो. गिझर पडवीत आला होता, खिडकीतला बोळा निघाला होता. सासूबाईंनी एक गोष्ट माझ्या सांगण्यावाचूनच केली होती. आतली लोखंडी कडी काढून तिथे सुतळीचा फास लावला होता, बाहेरून जोराचा हिसका दिला की तुटणारा. सून हसत म्हणाली, "आत्याबाई दर दोन मिनिटांनी हाक मारतात, आंघोळ कशी ती होत नाही."