आधी वजन, मग नाक

‘लग्नाआधी नाकाची शस्त्रक्रिया करून घ्या, वजन नंतर उतरवा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखिकेचा सल्ला उफराटा आहे. नाक हाडाचं आणि कूर्चेचं. त्यात चरबी नावालाच. पंधरा-वीस किलो उतरले की गाल बसतात, हनुवटी निघते आणि तेच नाक मोठं दिसू लागतं. मग माप घेतलं कोणत्या चेहऱ्याचं? वजन उतरून काही महिने स्थिर राहू द्यावं. शिवाय शस्त्रक्रियेनंतर नाकाच्या शेंड्याची सूज पुरती ओसरायला वर्षभर लागतं, म्हणजे लग्नाच्या फोटोंसाठीची घाई तशीही फुकटच. श्वासाचा त्रास असेल तर मात्र थांबू नये, सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात दाखवून यावं.

– एक वाचक, नाचणगाव (जि. वर्धा)