‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

तरणाताठा मुलगा अपघातात जातो, तेव्हा मयताच्या घरी पहिल्या तासाभरातच कुणीतरी म्हणतं, ‘देवाची इच्छा, आपण काय करणार!’ आम्हा ख्रिस्ती माणसांच्या तोंडी तर हे वाक्य बसलेलंच आहे. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण त्या आईला ऐकू येतं ते एवढंच, की तुझं लेकरू देवानंच मारलं.

न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चचे पाळक विल्यम स्लोन कॉफिन यांच्यावर हीच वेळ आली होती. जानेवारी १९८३मध्ये त्यांचा २४ वर्षांचा मुलगा ॲलेक्स बोस्टनला वादळी रात्री गाडीसकट बंदराच्या पाण्यात पडून गेला. भेटायला आलेल्या एका बाईंनी देवाच्या इच्छेचा विषय काढला आणि कॉफिन संतापले. गाडीचा वायपर नीट चालत नव्हता, रस्त्याच्या कडेला कठडा नव्हता, पोराच्या पोटात कदाचित दोन घोट जास्त गेले होते. यातलं देवाला काय हवं होतं, असं त्यांनी त्या बाईंना विचारलं. दोन आठवड्यांच्या आत आपल्याच चर्चमध्ये प्रवचनाला उभं राहून त्यांनी सांगितलं, की हे मरण देवानं घडवलेलं नाही. आपल्याही आधी तो रडला आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय वाचला, की हे मला पुरतं पटतं. लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले. येशू उशिरा पोहोचतो. तू असतास तर आमचा भाऊ वाचला असता, असं मार्था त्याला तोंडावर सांगते आणि मागून आलेली मरियाही तेच सांगते. तो दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. मार्थेला पुनरुत्थानाचं वचन देतो आणि मरियेचं रडणं पाहून स्वतः रडतो. थोड्याच वेळात लाजराला उठवायचं आहे हे ठाऊक असूनही रडतो. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं, त्याचाही अर्थ मी असाच घेतो. आशा धरा आणि पोटभर रडाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसईत ओळखीतला एक मुलगा बाइक घसरून गेला. संध्याकाळी अंगणात रोझरी चालायची. कुणीतरी आईच्या हातात माळ दिली, ती तिनं मांडीवर तशीच ठेवली. ‘नमो मरिये’ला तिचे ओठ हलेनात. शेजारच्या मावशींनी तिला ‘तू पण म्हण गं’ म्हटलं नाही. डब्यातली पेज दोन चमचे भरवली आणि तिच्या वाटणीची प्रार्थना स्वतः म्हणायला लागल्या. मंडळी असते ती यासाठी. एकीचा विश्वास डगमगला, तर दुसरीनं तो काही दिवस वाहायचा.

महिन्याची मिस्सा झाली, की येणारे-जाणारे थांबतात. खरं तर त्यानंतरच त्या घरी जायला हवं. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाला तिच्याबरोबर दफनभूमीत जा. मुलाचं नाव घ्या, त्याच्या खोड्या आठवा. ती देवाशी भांडली तर भांडू द्या. स्तोत्रकर्तेही भांडले आहेत. ख्रिस्त उठला यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच तिला गप्प बसवायची घाई मला करावीशी वाटत नाही.