क्लच बदलण्यापूर्वीं पंचनामा करा

धान खरेदी केंद्रावर पोंचविण्याच्या दिवसांत गाडी बंद पडणें ही आम्हां सौंदडकडील कास्तकारांस लहानसहान अडचण नव्हे. गेल्या हंगामांत माझ्या जुन्या पिकअप गाडीचा क्लच घसरूं लागला. एंजिनाचा आवाज वाढे. परंतु कट्ट्यांनीं भरलेली गाडी चढावर सरेना. महामार्ग क्रमांक ५३ जवळच असल्यामुळें कारागीर लगेच मिळाला व नवी प्लेट बसली. दीड महिन्यांत तोच रोग पुन्हां उद्भवला. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरविला तेव्हां कळलें कीं, एंजिनाच्या मागील सीलांतून तेल झिरपून प्लेटीवर येत होतें. सील थोड्या किंमतीचें. परंतु मजुरी दोनदां गेली.

दोष कारागिराचा एकट्याचा नव्हता. ‘संध्याकाळपर्यंत गाडी दे’ असा तगादा मींच लाविला होता. महसुलाच्या दप्तरांत जन्म गेला, पंचनाम्यावांचून निकाल नाहीं हें शिकलों, आणि स्वतःच्या गाडीपाशीं मात्र तें विसरलों!

माझें मत असें कीं, भाग बदलणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. जुनी प्लेट निघतांच मालकानें ती स्वतः पाहावी. ती तेलकट असेल, तर गळती कोठून होते तें शोधावें. रिव्हेटपर्यंत झिजली असेल, तर तिचें आयुष्य संपलें, किंवा चालकास पेडलावर पाय ठेवून गाडी हांकण्याची खोड आहे. फ्लायव्हीलवर निळे डाग वा चरे असतील, तर तें लेथवर साफ करून घ्यावें, अथवा बदलावें. प्लेट, प्रेशरप्लेट व रिलीज बेअरिंग हीं एकदमच बदलावीं. कारण मोठा खर्च गिअरबॉक्स उतरविण्याचा असतो. प्रेशरप्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. आणि गिअरबॉक्सचा भार प्लेटीवर लोंबूं देऊं नये, ती वांकते.

नवा क्लच बसूनही गिअर करकरत पडत असेल, तर पुन्हां खोलण्याची घाई नको. वायरीचा क्लच असल्यास वायरीचा ताण पाहावा. तेलाचा असल्यास नळींतील हवा काढावी. पेडलास थोडी मोकळी चाल हवीच. ती मुळींच नसेल, तर नवा क्लचही घसरतो.

कोणी म्हणेल, जुन्या गाडीसाठीं एवढा खटाटोप कशाला? परंतु नव्या गाडीचा हप्ता धानाचा भाव पाहून थांबत नाहीं. म्हणून एक दिवस अधिक लागला तरी चालेल. कारण सांपडल्यावांचून गिअरबॉक्स परत चढवूं देऊं नये, आणि काढलेले भाग व बिल ताब्यांत घ्यावें, अशी माझी शेतकरी बंधूंस विनंती आहे.