घर कोणाच्या स्वाधीन?

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये हल्ली एक ठरावीक लगबग सुरू होते. पारपत्रांच्या मुदती तपासल्या जातात, व्हिसाच्या कार्यालयात बोटांचे ठसे देण्यासाठी रजा काढली जाते, मेतकूट, भडंग आणि लसणीच्या चटणीच्या पुड्या बांधल्या जातात. बॅगेचे वजन काट्यावर पुनःपुन्हा पाहिले जाते. किलोभर जास्त भरले तर कोणाचा स्वेटर काढायचा, यावर घरात वाद होतो. मग एका मध्यरात्री चौघांचे कुटुंब विमानतळाकडे निघते. दाराशी आजी उभी असते. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो आणि फ्रीजच्या दारावर सूचनांची यादी चिकटवलेली असते: कुंड्यांना एक दिवसाआड पाणी, दुधाच्या पिशव्या निम्म्या, रात्री कडी लावणे, अनोळखी माणसाला दार न उघडणे.

या प्रवासाला नाक मुरडण्याचे कारण नाही. परदेशगमनाचे कौतुक किंवा तिटकारा करण्याचे दिवस केव्हाच सरले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या समजुतीने हिंदू समाजाचे जेवढे नुकसान केले, तेवढे एखाद्या परचक्रानेही क्वचितच केले असेल. ज्यांच्या पूर्वजांची गलबते पूर्वेकडच्या बेटांपर्यंत जात होती, त्यांनी स्वतःच्याच पायांत ही बेडी घालून घेतली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या ज्या सात स्वदेशी बेड्या मोजून दाखविल्या, त्यांत सिंधुबंदी होती. ही बेडी तोडणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीने निघाल्या तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांना सांगावे लागले. पुढे कितीतरी वर्षे परदेशातून परतणाऱ्याच्या वाट्याला प्रायश्चित्त तरी येई किंवा पंक्तीतले वेगळे पान तरी. पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा विलायत हा शेकडा नव्व्याण्णव वाचकांनी पुस्तकातूनच पाहायचा प्रदेश होता. आता एखादा बँक कर्मचारी किंवा शिक्षक दाम्पत्य चार वर्षे पैसे साठवून मुलांना आल्प्सचा बर्फ दाखवून आणते, ही समाधानाचीच गोष्ट आहे. मराठी माणूस घरकोंबडा आहे, हा जुना आरोप तरी यातून पुसला गेला.

प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या आजीचा आहे. एकत्र कुटुंबात कोणी कोठेही गेले तरी घर भरलेले राही. काशीयात्रेला निघणारा गृहस्थ घरच्यांना भावाच्या हवाली करून निर्धास्त होई. मे महिन्यात तर घर रिकामे होण्याऐवजी अधिकच भरे. आजोळी नातवंडांची पंगत बसे आणि घरातील वृद्धांना त्या दोन महिन्यांत उसंत मिळत नसे. आज हा क्रम उलटला आहे. वर्षभर घरात वावर असतो आणि सुट्टी लागली की वृद्ध माणूस एकटा पडतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले नागरिक एक कोटीहून अधिक होते. त्यातील कितीजण पंधरा दिवसांसाठी ‘घर सांभाळायला’ मागे राहतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यांच्या तक्रारी कोठे नोंदविल्या जात नाहीत, कारण ते तक्रार करीत नाहीत. ‘आम्हाला काय करायचंय तिकडे, थंडी सोसत नाही,’ असे स्वतःच सांगून ते मुलांना मोकळे करतात.

हा विषय नीट समजून घ्यायचा तर पुण्यापासून फार लांब जावे लागत नाही. सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळून मार्गासनीवरून पुढे गेले की पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यात पाली हे गाव लागते. गड चढणाऱ्यांना ते पाली दरवाजामुळे ठाऊक असते. राजगडाचा खरा राबता याच बाजूने होता. इकडची वाट रुंद, पायऱ्यांची आहे आणि ती थेट पद्मावती माचीवर नेते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. तेव्हा जगाच्या पाठीवरचे पर्यटक आता या वाटेने येतील. पण राजगड हा नुसता किल्ला नव्हता. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातील जवळपास पाव शतकाचे ते राहते घर होते. सईबाईंनी १६५९ मध्ये याच गडावर डोळे मिटले. त्यांची समाधी पायथ्याच्या पाल गावात आहे. राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये येथेच झाला.

याच घरातून मार्च १६६६ मध्ये एक प्रवास सुरू झाला. पुरंदरच्या तहाने २३ किल्ले गेले होते, हाती १२ उरले होते आणि मिर्झाराजांना दिलेल्या शब्दाखातर महाराज आग्र्याला निघाले होते. बरोबर शंभूराजे होते, वय वर्षे आठ. ऐन उन्हाळ्यातून दोन महिन्यांची वाटचाल होती आणि परतीची शाश्वती नव्हती. निघताना महाराजांनी राज्याचा कारभार जिजाऊंकडे सोपविला. जिजाऊंचे वय तेव्हा ६८ होते. आजच्या हिशेबाने निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली, ‘तुम्ही आता विश्रांती घ्या’ असे जिला दिवसातून चार वेळा ऐकावे लागते, त्या वयाची ही स्त्री. मुलगा आणि नातू औरंगजेबाच्या नजरकैदेत अडकल्याची वार्ता येऊनही राज्याची घडी विस्कटली नाही. १७ ऑगस्टला महाराज आग्र्यातून निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर पोहोचले तेव्हा त्यांचे राज्य त्यांना जागेवर मिळाले.

राजाच्या घराची तुलना तीन खोल्यांच्या सदनिकेशी करणे कोणाला अतिशयोक्त वाटेल. पण फरक घराच्या आकाराचा नाही. जिजाऊंच्या हाती मुखत्यारी होती. कोणाला काय आज्ञा द्यायची, कोणता निर्णय थोपवायचा, कोणता घ्यायचा, हे त्या ठरवीत होत्या. आजच्या आजीच्या हाती यादी आहे. बँकेचा सांकेतिक क्रमांक मुलाच्या मोबाइलवर येतो आणि मुलगा झुरिचमध्ये झोपलेला असतो. औषधे संपली तर कोणत्या दुकानातून मागवायची, वैद्यकीय विम्याचे कागद कोणत्या खणात आहेत, इमारतीतील कोणाला मध्यरात्री उठवता येईल, यातले काही तिला सांगितलेले नसते. कधी सांगितलेही जाते, पण निघता निघता, टॅक्सीचा हॉर्न वाजत असताना. पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना ‘डिजिटल अटके’त ठेवणाऱ्या आणि त्यांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणाऱ्या टोळ्यांना घरात एकटा असलेला माणूसच हवा असतो.

यावर उपाय महागडे नाहीत. प्रवासाचा बेत ठरतानाच वडीलधाऱ्यांना विचारात घ्यावे, तिकिटे काढून झाल्यावर नव्हे. सोबत नेता येत असेल तर न्यावे. एकदा ‘नको’ म्हटले की तो नकार खरा मानण्याची घाई करू नये. मागे राहायचेच असेल तर घर त्यांच्या स्वाधीन करावे, म्हणजे पैसे, कागदपत्रे आणि निर्णय यांसह. केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी ठाऊक असलेली घरे फार थोडी असतील. फ्रीजवरच्या यादीत तो क्रमांक सर्वांत वर लिहायला हरकत नाही. आणि शेजारी! जिन्यातल्या ज्या दाराशी वर्षभर ओळख ठेवली नाही, त्या दारावर संकटाच्या रात्री थाप मारायला वृद्ध माणूस धजावत नाही. ही ओळख मे महिन्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

कार्यकर्त्यांनाही येथे थोडे थांबावे लागेल. त्यांच्या घरी उन्हाळा परदेशवारीचा नसला तरी वर्गांचा आणि शिबिरांचा असतो. घरचा कर्ता पुरुष वीस-वीस दिवस बाहेर राहतो आणि मागच्यांनी सांभाळून घ्यावे, हे गृहीत धरलेले असते. ध्येय मोठे असल्यामुळे एकट्या आईची रात्र लहान होत नाही. ज्या वस्तीत शाखा आहे, तेथे मे महिन्यात कोणकोणत्या घरांत ज्येष्ठ एकटे आहेत, याची माहिती मुख्य शिक्षकाच्या वहीत असावी, आणि सायंकाळी दोन स्वयंसेवकांनी त्यांच्याकडे घोटभर चहासाठी डोकवावे. एवढे काम करण्यास कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

दुसऱ्या बाजूचा प्रवासही विसरता येत नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली जोडपी याच दिवसांत सहा महिन्यांसाठी तिकडे निघतात. नातवंडाच्या जन्माचे निमित्त असते. बॅगेत डिंक, अळीव आणि भाजणी असते. तेथे पोहोचल्यावर मात्र अनेकांना कळते की गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेर पाऊलही टाकता येत नाही. दिवसभर बाळ, रात्री भांडी, आणि आपण पाहुणे की कामाला आलेलो, हे उमगत नाही. पुण्यात एकटी राहिलेली आजी आणि न्यू जर्सीत कोंडलेली आजी यांचे दुःख फार वेगळे नाही. दोघींनाही आपापल्या मुलांनी प्रेमानेच तेथे ठेवलेले असते, म्हणून ते बोलून दाखविणे अधिकच कठीण होते.

पालीच्या परिसरात, एकंदर मावळातल्या गावांत, उन्हाळ्याची सुट्टी अजून उलट्या दिशेने चालते. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसे जत्रेला आणि लग्नांना गावी येतात. आजी-आजोबांचा उंबरा गजबजतो. हे चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही; उरलेले दहा महिने तेथील म्हातारी माणसेही एकटीच असतात, आणि दवाखाना गाठायला त्यांना वाहनाची वाट पाहावी लागते. पण मे महिन्यात मुले येतात ती कामात हात घालायला. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असतो, जळण आणि वैरण पावसाआधी आत घ्यायची असते, घरावरची कौले चाळायची असतात. कोणते काम आधी, कोणते नंतर, हे घरातला म्हातारा ओट्यावर बसून सांगतो आणि मुंबईत वीस माणसांवर हुकूम चालवणारा मुलगा निमूटपणे कौले उतरवतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात भरलेल्या एसट्या पुण्याकडे निघतात आणि म्हातारा पहिल्या सरीत कोणते कौल गळते, ते पाहत बसतो.